डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह

१

“ज्याच्यावर संशय येईल ना, त्याची जागा बदलून बघायची. दोष त्याच्या मागोमाग गेला, तर तोच गुन्हेगार. दोष होता तिथेच राहिला, तर त्या बिचाऱ्याची माफी मागायची आणि दुसऱ्याकडे वळायचं. पण हात लावायच्या आधी?”

“बटण बंद,” माई म्हणायच्या.

“आणि?”

“गार होऊ द्यायचं.”

हे असे पढवून घेणारे माणूस देवाघरी जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. माईंचे यजमान थिएटरात साउंडचे काम बघायचे. तिथून घरी आले की चहाचा कप हातात आणि डोके पुन्हा तारांत. बाहेरच्या खोलीत, भिंतीला लागून असलेल्या बुटक्या टेबलावर त्यांनी स्वतः बांधलेला अँप्लिफायर अजून होता. पत्र्याच्या खोक्यावर, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह उभे. मागच्या रांगेत मोठे, पुढे बोटाएवढे दोन लहान. त्या दोघांतला एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्याचा. बटण दाबले की सगळ्यांच्या पोटात हळूहळू निखारा फुलायचा.

रोज संध्याकाळी माई देवापाशी दिवा लावत, प्रार्थना म्हणत, आणि उठता उठता अँप्लिफायरचे बटण दाबत. व्हॉल्व्ह तापेपर्यंत डोळे मिटून बसायचे, मग टेप सुरू करायची. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज नीट करणाऱ्या माणसाचा स्वतःचा आवाज म्हणून एवढाच मागे राहिला होता, माइक तपासताना भरला गेलेला:

“हॅलो… ऐकू येतंय का? येत असेल तर नुसती मान हलव. बोलू नकोस, टेप चालू आहे.”

मग एक खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपले. माई मान हलवत. हा त्यांचा नेम. मध्ये आठवडाभर त्या तापाने पडल्या होत्या. त्याही दिवसांत दिवा कोणीतरी लावला आणि टेप त्यांनी मनातल्या मनात वाजवली. नेम मोडू दिला नाही.

ताप उतरल्यावर पहिल्यांदाच त्या आज टेबलापाशी बसल्या होत्या. दिवा झाला, प्रार्थना झाली, व्हॉल्व्ह तापले. टेप फिरू लागली.

“हॅलो…”

माईंनी डोळे उघडले. शब्द तेच होते. खोकला त्याच जागी होता. पण बोलणाऱ्याची छातीच कोणी काढून घेतली होती. ‘येत असेल’मधला ‘स’ सुईसारखा टोचत होता, आणि ‘मान हलव’ म्हणताना आवाज जो जरा खाली बसायचा, तो बसलाच नाही.

कोणी परका माणूस यांचे शब्द पाठ करून आल्यासारखे वाटले. आणि त्या संध्याकाळी माईंची मान हलली नाही.

२

“तापानंतर कान बसतात, आई,” फोनवर लेक म्हणाली. ती दुसऱ्या गावी राहायची. आईच्या आजारपणात सुट्टी काढून दोन दिवस राहून गेली होती. “येत्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून घेऊ या. वयही झालंच ना आता.”

“माझ्या कानांचं वय झालं म्हणतेस?”

“तसं नाही गं. एकदा दाखवायला काय जातं?”

माईंनी फोन ठेवला. निवृत्त होईपर्यंत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ‘हॅलो’ एवढ्यावरून माणूस ओळखायचा, त्याला सर्दी झाली आहे की तो रडून आला आहे हेही ओळखायचे, यात आयुष्य गेलेले. आता तेच कान गेले असतील, तर? मग टेप असली काय नि नसली काय. हे दुसऱ्यांदा गेले म्हणायचे, आणि या खेपेला परत न येण्यासाठी. त्या विचाराने त्यांना घास गोड लागेना.

सकाळी त्यांनी पदर खोचला. कान की यंत्र, ते आधी ठरवायचे.

आधी डावा स्पीकर गप्प करून नुसता उजवा ऐकला. उजवीकडे यांचा आवाज होता तसाच होता, खाली बसणारा. म्हणजे कान शाबूत होते. मग नुसता डावा ऐकला. परका माणूस डावीकडे होता.

त्यांनी बटण बंद केले, आणि डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा आपसांत बदलल्या. त्यासाठी डाव्या स्पीकरमागे वाकताना त्याच्या समोरच्या कापडावर हात टेकला. खालच्या बाजूला कापड काळपट आणि गुळगुळीत झाले होते. लेक लहान असताना तिथेच डोके टेकून बसायची, तेल लावलेल्या वेण्यांसकट. किती वेळा ओरडल्या होत्या त्या तिला.

तारा बदलल्यावर परका माणूस उजव्या स्पीकरमधून बोलू लागला. म्हणजे स्पीकर निर्दोष. खोट अँप्लिफायरच्या डाव्या अंगात. तारा पुन्हा होत्या तशा लावल्या. बटण बंद. गार होईपर्यंत माईंनी भाजी निवडली. मग हातावर रुमाल घेऊन दोन्ही लहान व्हॉल्व्ह हलक्या हाताने डुलवत काढले आणि एकमेकांच्या जागी बसवले.

पुन्हा निखारे फुलले, पुन्हा टेप फिरली.

या वेळी हे डावीकडून बोलले. परका माणूस उजवीकडे गेला होता. दोष व्हॉल्व्हच्या मागोमाग गेला होता.

बटण बंद करून, गार झाल्यावर माईंनी तो व्हॉल्व्ह काढून खिडकीपाशी धरला. काचेच्या माथ्यावरचा चंदेरी मुलामा आरशासारखा लख्ख. दुसऱ्याच्या माथ्यावर कडेने तपकिरी झाक आलेली, इतक्या वर्षांच्या तापण्याची. या लख्ख काचेवर अक्षरे नव्हती. पण ती झिजून गेली नव्हती, कोणीतरी मुद्दाम पुसून काढली होती. बोटाला अजून पुसट खडबडीत लागत होते.

व्हॉल्व्ह बिघडला नव्हता. यांचा व्हॉल्व्ह कोणीतरी नेला होता, आणि त्याच्या जागी दुसरा उभा करून माईंना कळू नये अशी तजवीज केली होती.

३

तापाच्या आठवड्यात घरात चारच माणसे येऊन गेली होती. लेक तर होतीच. फळे घेऊन धाकटे दीर आले होते. टेपरेकॉर्डरला तेल घालायला डागकाका आले होते. यांचे जुने दोस्त, रेडिओ दुरुस्त करणारे. जन्मभर सोल्डरने तारांना डाग देत आले म्हणून डागकाका. आणि वरच्या मजल्यावरच्या व्हायोलिनबाई रोज दुधाचा पेला आणून देत होत्या.

चोर कोण, असे विचारले तर कोणी सांगत नाही, उलट घर तुटते. माईंनी वेगळे करायचे ठरवले. प्रत्येकाला चोराच्या जागी बसवून बघायचे.

धाकट्या दिरांचे जुन्या वस्तूंचे दुकान होते. पितळी दिवे, भिंतीवरची घड्याळे, ग्रामोफोनचे कर्णे. माई आत शिरताच त्यांनी स्टूल पुसून दिले.

“वहिनी, तुम्ही कशाला उन्हात? मीच आलो असतो.”

“भावजी, एक विचारू? समजा, आमच्या अँप्लिफायरमधला व्हॉल्व्ह तुम्हाला घ्यायचाच झाला, तर कोणता घ्याल?”

“विकताय?” त्यांचे डोळे चमकले, मग त्यांनाच लाज वाटली. “नाही, म्हणजे… घ्यायचेच तर दोन्ही घेईन. जोडी असेल तर गिऱ्हाईक धावत येतं. एकट्या विधुराला कोण विच—” ते थांबले. “चुकलो, वहिनी.”

“चालायचंच. आणि नेलेत तर त्या जागी काय ठेवाल?”

“काय ठेवायचंय? भोक.”

माईंना हसू आले. दीर कितीही लालची असले, तरी खरे बोलले होते. एकट्या डाव्या व्हॉल्व्हचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

डागकाका तिन्हीसांजेला घरीच आले. माईंनी त्यांना टेप ऐकवली. मान तिरकी करून ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“रंग बदलला की हो आवाजाचा. हा व्हॉल्व्ह त्याचा नव्हे.”

“समजा, तुम्हीच बदलला असतात. कोणता बदलला असतात?”

“मी? एकही नाही. चालू यंत्र उघडलं की माणूस जेवायला घरी पोचत नाही, असा माझा अनुभव आहे.” ते हसले, मग बटण बंद करून, गार झाल्यावर नवा व्हॉल्व्ह हातात घेऊन फिरवला. “आणि वेळच आली असती, तर दोन्ही बदलले असते. एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर गाडी एका अंगाला ओढते. पण वहिनी, माल उत्तम आहे बरं का. ज्याने बसवला त्याने हात आखडता घेतलेला नाही. तुमचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं.”

“मग नेला कशाला?”

“ते देव जाणे. लोकांना वाटतं, सगळी जादू व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह रंग देतो, खरं आहे. बदलला की आवाज कधी उन्हासारखा होतो, कधी सावलीसारखा. पण ट्रान्स्फॉर्मर, स्पीकर, खोली, सगळ्यांचं मिळून एक घर होतं. एकट्याला उचलून नेलं तर तो नव्या घरी मुका बसतो.” निघता निघता ते दारात थबकले. “आणि हो, माझ्या दोस्ताने लेकीसाठी एक अँप्लिफायर बांधायला घेतला होता ना? अर्धा राहिलेला सांगाडा. तो कुठे आहे?”

“ती घेऊन गेली मागेच. आठवण म्हणून.”

“बरं केलं,” डागकाका म्हणाले.

व्हायोलिनबाई जिन्यातच भेटल्या, हातात व्हायोलिनची पेटी.

“मला विचाराल, माई, तर मी सगळेच व्हॉल्व्ह नेले असते. सुरुवातीला तुमच्या यंत्राची घरघर माझ्या डोक्यात जायची. तक्रारही केली होती, आठवतंय?”

“आठवतंय. यांनी दुसऱ्याच दिवशी घरघर बंद केली होती.”

“हो ना. मग उगाच ओशाळल्यासारखं झालं. आता उलटंच झालंय. संध्याकाळी तो आवाज झाला की मी विद्यार्थ्यांना सोडते. तुम्ही आजारी होतात तर मुलांचा तास लांबतच जायचा.” त्या पेटी सावरून वर निघाल्या आणि सहज म्हणाल्या, “एका दुपारी मात्र वाजला होता.”

“कोण?”

“तुमची टेप हो. तुम्हीच लावली असेल. पण तेवढंच सारखं, ‘ऐकू येतंय का… ऐकू येतंय का…’ पुन्हा मागे, पुन्हा तेच. मला वाटलं, माईंना आठवण अनावर झाली.”

त्या आठवड्यात दुपारी औषधाने माईंना गाढ झोप लागायची. टेप त्यांनी लावलीच नव्हती.

४

माई देवापाशी बसल्या, पण आज ओठांवर प्रार्थना येईना. मनात जुळणी चालू होती.

व्हॉल्व्ह नेणाऱ्याला पैसा नको होता, नाहीतर जोडी गेली असती. यंत्र सुधारायचे नव्हते, नाहीतर दोन्ही बदलले असते. यंत्र गप्पही करायचे नव्हते, कारण जागा रिकामी सोडली नव्हती. उलट उत्तम व्हॉल्व्ह शोधून आणला होता आणि माईंना फरक कळून वाईट वाटू नये म्हणून त्यावरची अक्षरे पुसली होती. म्हणजे नेणारा बदली व्हॉल्व्ह आधीच घेऊन, तयारीने आला होता. आणि नेण्याआधी त्याने तो आवाज ऐकला होता. मन भरेना म्हणून पुन्हा पुन्हा ऐकला होता.

पण डावाच का?

टेपवरचा आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखाच येतो. समोर बसणाऱ्याला वाटते, तो मधोमध आहे. माईंना वाटायचे, दिरांना वाटायचे, डागकाकांनाही. यंत्र वाजताना यांचा आवाज डावीकडे असतो असे वाटायला माणसाने आयुष्यातला बराच काळ डाव्या स्पीकरला डोके टेकून काढलेला असावा लागतो.

माईंनी त्या काळपट कापडाकडे पाहिले आणि पुष्कळ वेळ पाहतच राहिल्या.

मग फोन लावला. मनातून वाटत होते, लेकीने उचलूच नये.

“आई? बरी आहेस ना?”

“बरी आहे. तुला एक गंमत विचारायची होती. सगळ्यांना विचारली, तू राहिलीस. समजा, बाबांच्या अँप्लिफायरमधला व्हॉल्व्ह तुला घ्यायचा आहे. कोणता घेशील?”

दिरांनी दोन्ही म्हटले होते, डागकाकांनी एकही नाही, व्हायोलिनबाईंनी सगळे. लेक काहीच बोलली नाही. तारेवरची शांतता माईंच्या ओळखीची होती. एक्स्चेंजमध्ये त्या अशा शांततेत कधी बोलायच्या नाहीत. माणूस आपण होऊन बोलेपर्यंत लाइन धरून ठेवायच्या.

“मी कशाला घेऊ?” लेक शेवटी म्हणाली. आवाज कोरडा पडला होता.

तिला रागवावे असे माईंच्या मनात आले नाही. आले ते वेगळेच, आणि तेच त्यांनी विचारले.

“येतात का गं बाबा तुझ्याकडे?”



“नाही येत, आई.”

५

मग तिने सगळे सांगितले. लहानपणी कप फोडल्यावर सांगायची तसे, एका दमात.

तो अर्धा सांगाडा तिने तिच्या गावातल्या एका कारागिराकडून पुरा करून घेतला होता. टेप तिने पूर्वीच एका जुन्या मोबाइलवर भरून घेतली होती. सगळे जोडले, खोलीचे दार लावून घेतले, बटण दाबले. शब्द आले, बाबा आले नाहीत. कोणी बातम्या वाचाव्यात तसा आवाज. तिने व्हॉल्व्ह बदलले, या देशाचे त्या देशाचे मागवले. एकाने आवाज मऊ होई पण दूर जाई. दुसऱ्याने जवळ येई पण टोचे. होता होता तिच्या डोक्याने घेतले की बाबांचा आवाज त्या डाव्या व्हॉल्व्हमध्येच आहे.

“मग मागायचा होतास.”

“कशी मागू? तू रोज त्यांच्याशी… मला वाटलं, एक नेला तरी तुझ्याकडे एक राहील. आणि बदली जो ठेवला तो माझ्याकडचा सगळ्यात चांगला होता, आई. तुला कळणार नाही असं वाटलं.”

“मला?”

“वाटलं खरं.” ती रडता रडता हसली. “आणि तुला कळलं, तेव्हा घाबरून तुझ्या कानांवर ढकललं. ते फार वाईट केलं मी.”

“ते वाईटच केलंस,” माई शांतपणे म्हणाल्या. “माझी झोप उडाली होती. आता तो व्हॉल्व्ह कुठे आहे?”

“माझ्याच यंत्रात. त्यानेही येत नाहीत.”

“फोन स्पीकरजवळ धर. मला ऐकव.”

खुडबुड झाली. मग तारेच्या त्या टोकाला, दूरच्या खोलीत, हे बोलले. माईंनी दुसऱ्या कानावर हात ठेवला होता.

“पुन्हा लाव.”

लेकीने पुन्हा लावले.

“हे उभे राहून बोलल्यासारखं वाटतंय,” माई म्हणाल्या. “ते बसले होते गं. खुर्ची पुढे ओढून, कोपर टेबलावर टेकून. मी समोर होते. स्पीकर कुठे ठेवलायस?”

“भिंतीवर, फळीवर.”

“खाली घे आधी. जमिनीजवळ.”

“खाली घेऊन बघितलंय, आई. सगळं करून बघितलंय. मला कळतच नाही, कधी थांबायचं. मला त्यांचा आवाज आठवतो तो लहानपणी त्या डाव्या स्पीकरच्या कापडातून आलेला. त्याच्याशी किती ताडून बघणार? बाबा म्हणाले होते, यंत्र बांधून भागत नाही, ज्या घरात ठेवायचं तिथे बसून जुळवावं लागतं. पुरं झालं की मी स्वतः येऊन जुळवून देईन, असं म्हणाले होते. माझं नवं घर त्यांनी बघितलंही नाही.”

हे वचन माईंना ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत यांनी दिलेला शब्द राहून गेला असे कधी झाले नव्हते; एक राहिला होता, आणि तो लेकीला दिलेला होता.

“मी येते,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“तुझ्याकडे. तू व्हॉल्व्ह बदलत जा, स्पीकर हलवत जा. मी सांगेन, किती झालं आणि किती उरलं. माणूस मला माहीत आहे.”

“किती दिवस लागतील कोण जाणे. आणि तुझा नेम? तापातही मोडला नाहीस तू.”

माईंनी टेबलाकडे पाहिले.

“त्याचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “तू स्पीकर खाली घे.”

सकाळी त्यांनी देवापाशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ डोके टेकले. काय मागितले, की नुसते सांगितले, ते त्यांचे त्यांना. मग टेबलापाशी येऊन जुना उरलेला व्हॉल्व्ह काढला. नेलेल्याचा जोडीदार. डागकाका म्हणाले होते, एक बैल तरणा आणि एक म्हातारा चालत नाही. तिकडे दोन्ही म्हातारे लागणार होते. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून त्यांनी तो पिशवीत कपड्यांच्या मधोमध ठेवला, शेजारी टेपचे स्पूल. मोबाइलवरच्या नकलेचा काय भरवसा; टेपरेकॉर्डर तिच्या त्या कारागिराकडे मिळेल. अँप्लिफायरवर कापड ओढले. त्या यंत्रातून आता आवाज येणार नव्हता, व्हॉल्व्ह आणि टेप परत येईपर्यंत तरी नाहीच.

किल्ली घेऊन त्या वर गेल्या. व्हायोलिनबाई केस विंचरत दारात आल्या.

“संध्याकाळी खालून आवाज आला नाही तर काळजी करू नका. लेकीकडे चालले आहे.”

“अरे वा. विश्रांतीला ना? परत कधी?”

“काम आहे तिच्याकडे जरा,” माई म्हणाल्या. “झालं की येईन.”

पिशवी त्यांनी छातीशी धरली, हिसका बसू नये म्हणून, आणि एकेक पायरी बघत सावकाश जिना उतरायला लागल्या.